जेवणासह की जेवणाविना?

हॉटेलात राहण्याचे जगात चार प्रकार आहेत. ईपी, सीपी, एमएपी आणि एपी. मी ही नावं पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला त्या सरकारी नोकरीतल्या वेतनश्रेणी वाटल्या. पण नाही, हा सगळा जेवणाचा मामला आहे. ईपी म्हणजे युरोपियन प्लॅन : नुसती खोली, पोटाचं तुमचं तुम्ही बघा. सीपी म्हणजे काँटिनेंटल प्लॅन : खोली आणि सकाळचा नाश्ता. एपी म्हणजे अमेरिकन प्लॅन : खोली, नाश्ता आणि दोन्ही वेळचं जेवण. राहता राहिला एमएपी. तो म्हणजे सुधारित अमेरिकन प्लॅन. सुधारणा एवढीच, की दोनांतलं एक जेवण काढून घेतलेलं असतं. (कोणत्याही गोष्टीच्या मागे 'सुधारित' लागलं की तिच्यातून आपलं काहीतरी कमी झालेलं असतं, हे पेन्शनर मंडळींना वेगळं सांगायला नको.)

या नावांमागं म्हणे इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या हॉटेलांत खोलीच्या भाड्यातच जेवण धरायची रीत होती, आणि युरोपात खोलीचे वेगळे, जेवणाचे वेगळे. ठीक आहे. पण जो युरोप नुसती खोली देतो, त्याच खंडाच्या नावानं दुसऱ्या प्लॅनमध्ये नाश्ता कुठून येतो, हे कोडं मला सुटलेलं नाही.

खरं तर आगाऊ पैसे भरून जेवायला आपल्याला अमेरिकेनं शिकवायची गरज नव्हती. एक तारखेला खानावळीत महिन्याचे पैसे मोजून शिकलेल्या पिढ्याच्या पिढ्या पुण्यामुंबईत होऊन गेल्या. पण खानावळीच्या त्या कारभारात एक थोर शब्द होता : खाडा. तुम्ही गावाला गेलात, तापानं पडलात किंवा मावशीकडे पुरणपोळीला गेलात, की आदल्या दिवशी सांगून खाडा मांडायचा. महिनाअखेरीला तेवढे पैसे वजा. सलग किती वेळांचा खाडा धरायचा यावर मालक आणि मेंबर यांच्यात जे वाद झडत, त्यांतून पुढे कित्येक नामांकित वकील तयार झाले असावेत. हॉटेलच्या प्लॅनमध्ये मात्र ही सोय नाही. जेवलात तरी पैसे गेले, न जेवलात तरी गेले. फेब्रुवारीत महाबळेश्वरला जायचं ठरलं तेव्हा मी तिथल्या एका हॉटेलच्या बुकिंगवाल्या मुलाला फोनवर स्वच्छ विचारलं, "तुमच्याकडे खाडा धरतात का?"

"सॉरी सर," तो म्हणाला, "ती डिश आमच्याकडे नाही."

असो. दोन रात्री, चार माणसं : मी, सौ., अकरा वर्षांचे चिरंजीव आणि एकोणऐंशी वर्षांची आई. त्या मुलानं व्हॉट्सॲपवर दर पाठवले. नाश्ता खोलीच्या भाड्यातच. त्यावर रात्रीचं जेवण हवं असेल तर माणशी साडेसातशे. दुपारचंही हवं असेल तर आणखी साडेसहाशे. पाच ते बारा वयाच्या मुलांना अर्धे पैसे. आता हा पाच ते बाराचा हिशोब एसटीच्या अर्ध्या तिकिटातून आला असणार. पण एसटी मुलाला बसायला जागा देते, खायला देत नाही. अकरा वर्षांच्या मुलाला अर्ध्या पैशांत जेवू घालायचं ज्यानं ठरवलं, त्याच्या घरी अकरा वर्षांचा मुलगा नसावा. आमचे चिरंजीव पोळ्या मोजत नाहीत, पोळ्यांचा डबा मोजतात. उलट आई. २०२२ सालापासून एसटी पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट नेते. हॉटेल मात्र आईला पूर्ण आकार लावतं, आणि ती जेवते अर्धी पोळी आणि चमचाभर भात. म्हणजे आमच्याकडे अर्ध्या तिकिटाचं माणूस दुप्पट जेवणारं आणि पूर्ण तिकिटाचं माणूस पाव जेवणारं. सरासरी काढली तर हॉटेल आणि आम्ही बरोबरीत सुटतो.

पण नुसत्या सरासरीवर पैसे भरणाऱ्यांतला मी नव्हे. लाइटच्या बिलाच्या पाठीवर मी रीतसर आकडेमोड मांडली. तीन माणसं पूर्ण, एक अर्धं. रात्रीचं जेवण एका दिवसाचे २६२५, दोन दिवसांचे ५२५०. दुपारचं एका दिवसाचे २२७५, दोन दिवसांचे ४५५०. सगळं घेतलं तर ९८००. एवढ्या पैशांत माझ्या लग्नात अख्खी पंगत उठली असती, असं मी म्हणालो. त्यावर सौ. म्हणाली, "तुमच्या लग्नाचा खर्च माझ्या वडिलांनी केला होता." मी पुन्हा आकड्यांकडे वळलो.

आमचे शेजारी या विषयातले जाणकार. बँकेतून निवृत्त झाले आहेत, पण व्याज अजून तोंडातून जात नाही. त्यांचं मत एकच : सगळं घ्यायचं आणि वसूल करायचं. वसुलीची त्यांची पद्धतही ठरलेली. सकाळी साडेसातला पहिल्यांदा नाश्त्याला जायचं, साडेनवाला दुसऱ्यांदा. इडलीनं सुरुवात करायची नाही, ती जागा अडवते. आधी फळं आणि ऑम्लेट, मग डोसा, शेवटी ब्रेड. बाहेर पडताना दोन केळी काकूंच्या पर्समध्ये. दुपारी सूप घ्यायचं नाही, कारण सूप म्हणजे रंगीत पाणी. भाताकडे बघायचंही नाही, भात घरी मिळतो. पनीर. पनीर कितीही. रात्री गोडापासून सुरुवात. या पद्धतीनं मागच्या वर्षी एका हॉटेलात त्यांनी भरलेल्या पैशांच्या दीडपट वसूल केल्याचं सांगितलं. काकू मागून म्हणाल्या, "आणि परत आल्यावर चार दिवस ताक-भात." तो खर्च त्यांनी धरलेला नव्हता.

मला स्वतःला वसुलीची भूक नाही. (साधी आहे.) मी प्रश्न वेगळ्या बाजूनं घेतला : दुपारी बारा ते अडीच या वेळात आपण असणार कुठं?

पहिला दिवस घ्या. पुण्याहून महाबळेश्वर एकशेवीस किलोमीटर. कागदावर तीन तास. पण वाईला ढोल्या गणपतीचं दर्शन घेतल्याशिवाय आई पुढं जाऊ देणार नाही. कृष्णेच्या घाटावर पाच मिनिटं बसते म्हणून ती अर्धा तास बसणार. मग पसरणी घाट. शनिवारी त्या घाटात गाड्या अशा चढतात, की मागच्या गाडीतल्या माणसाशी ओळख होऊन मुलीच्या लग्नाचं जमायला वेळ पुरावा. पुढं पाचगणी. पाचगणीच्या पुढं जॅम आणि सरबतवाल्यांच्या बागा, आणि तिथं प्रत्येक जॅमची चव घ्यायला फुकट मिळते. फुकट चव सोडून पैसे भरलेल्या जेवणाकडे धावत सुटणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तीन वाजता हॉटेलात पोचलो तर लवकर पोचलो. जेवणघर अडीचला बंद. पहिलं जेवण तिथंच बुडालं.

दुसरा दिवस तर पॉइंटांचा. सकाळी नऊला टॅक्सी. आधी क्षेत्र महाबळेश्वर, कारण आईला पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाचही नद्यांचं पाणी एकाच गोमुखातून येताना बघायचं आहे. तिथून पुढं आर्थर सीट. आर्थर सीटला दरीतून असा वारा येतो, की हलकी वस्तू खाली टाकली तर ती पुन्हा वर येते. (आगाऊ भरलेल्या पैशांवर मात्र हा वारा चालत नाही.) आता घड्याळात साडेबारा वाजले. हॉटेल बारा-तेरा किलोमीटर मागं. पैसे भरलेले आहेत म्हणून जेवायला परत यायचं, जेवून सुस्तावायचं आणि चार वाजता पुन्हा त्याच रस्त्यानं उरलेले पॉइंट बघायला निघायचं? टॅक्सीवाला पहिल्यांदा हसेल आणि मग दुसऱ्या फेरीचे पैसे सांगेल. शिवाय वाटेवर मक्याचं कणीस आहे, कॉर्न पॅटिस आहे, गरम चणे आहेत, आणि फेब्रुवारीत तर स्ट्रॉबेरी आणि क्रीम आहेच. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ती सरकारमान्य आहे. ती सोडून हॉटेलच्या मटार-पनीरकडे परतणं ही जवळजवळ देशद्रोहाची बाब. बाजारात तीनशे रुपयांची थाळी मिळते. तीन थाळ्या आणि आईला दीडशेचा दहीभात : १०५० रुपये. दोन दुपारचे २१००. हॉटेल मागतंय ४५५०. तेव्हा दुपारचं जेवण मी एका रेघेत बाद केलं.

हे गणित महाबळेश्वरचं आणि फेब्रुवारीचं, हे मात्र लक्षात घ्या. माथेरानला मोटारी दस्तुरीलाच थांबतात. पुढं बरंचसं पायांवर, नाहीतर घोड्यावर. तिथं सकाळी दोन पॉइंट पायी बघून आलेला माणूस दुपारी दुसरीकडे कुठं जायच्या स्थितीत नसतो. जेवणघराची घंटा ऐकली की त्याला अमेरिकेबद्दल प्रेम वाटू लागतं. महाबळेश्वरलाच जुलैत गेलात तर धुक्यात स्वतःची छत्री दिसत नाही, तेव्हा हॉटेलच्या बाहेर पडून जेवायचा प्रश्नच निकालात निघतो. ३१ डिसेंबरला बऱ्याच हॉटेलांत रात्रीच्या जेवणाचे पैसे सक्तीनं घेतात, तिथं ठरवायचं काही उरतच नाही. आणि कोकणात घरगुती उतरलात तर सगळ्यांत उत्तम. सकाळी दहाला काकू ओट्यापाशी उभ्या राहून विचारतात, "दुपारी जेवायला किती जण?" जेवढे सांगाल तेवढ्यांचं करतात, तेवढ्यांचेच पैसे घेतात. या प्लॅनला इंग्रजी आद्याक्षरं अजून मिळालेली नाहीत.

आता रात्रीचं. इथं मामला अटीतटीचा होता. हॉटेल बाजारापासून दोनअडीच किलोमीटर. रात्री थंडी, आणि आईला घेऊन त्या अंधाऱ्या वळणांवरून जेवायला जायचं नाही हे आधीच ठरलेलं. म्हणजे जेवायचं हॉटेलातच. प्रश्न एवढाच, की आगाऊ भरून बुफे जेवायचं की मेनूकार्डावरून मागवायचं. मी त्या मुलाकडून मेनूकार्डाचा फोटो मागवला. दोन भाज्या ६४०, डाळ २६०, दहा रोट्या ४००, जिरा राइस २२०, चार पापड १६०, दोन सूप ३६०. झाले २०४०. त्यावर ५ टक्के कर १०२. एकूण २१४२. पाण्याची बाटली दोन्हीकडे वेगळीच. (कर किती ते विचारून घ्यावं. मोठ्या हॉटेलांत जेवणावर १८ टक्केही लागतो.) प्लॅनचे २६२५. म्हणजे प्लॅन एका रात्रीला ४८३ रुपयांनी महाग, दोन रात्रींना ९६६. शिवाय गिऱ्हाईक कमी असलं की हॉटेलवाले बुफे लावत नाहीत, ठरलेलं ताट आणून ठेवतात, ही खोच आहेच. निकाल उघड होता. मी बिलाच्या पाठीवर 'फक्त नाश्ता' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

सौ.नं तो कागद वाचला आणि विचारलं, "यात आईंचं काय धरलंय?"

"दहा रोट्यांतली अर्धी," मी म्हणालो.

"तेवढीही खाणार नाहीत."

आणि हे खरं होतं. हॉटेलात आमची आई मेनूकार्ड उजवीकडून वाचते. उजवीकडे आकडे असतात. डावीकडे पदार्थ आहेत हे तिला माहीत आहे, पण तिकडे जायची वेळच येत नाही. कार्ड हातात घेते, चष्मा सावरते, बोट उजव्या बाजूनं वरून खाली नेते, कार्ड मिटते आणि म्हणते, "मला आज उपास आहे." आईच्या उपासांचं पंचांग मेनूकार्डात छापलेलं असतं. सूप १८० असेल तर मंगळवार. पनीर ३४० असेल तर संकष्टी. एकदा गणपतीपुळ्याच्या वाटेवर एका हॉटेलात आइस्क्रीमची किंमत वाचून तिनं भर फेब्रुवारीत चातुर्मास काढला होता. आपण मागवलंच, तर एक घास खाऊन "तिखट आहे रे" म्हणत वाटी नातवाकडे सरकवते. आणि खोलीत आल्यावर पिशवीतून डबा निघतो. त्यात दशम्या असतात. दोन दिवसांच्या. घरून निघतानाच तिनं तिच्यापुरता युरोपियन प्लॅन घेतलेला असतो.

हे आजचं नाही. माझे वडील गिरणीत कारकून होते. आम्ही तिघं भावंडं आणि हॉटेल वर्षातून एकदा, निकालाच्या दिवशी. मसाला डोसा चार. माणसं पाच. आई म्हणायची, "मला सकाळपासून जड वाटतंय." कितीतरी वर्षं मला खरंच वाटायचं, की आमच्या निकालाच्या दिवशीच नेमकं तिचं पोट बिघडतं.

"आणि दुसरं म्हणजे," सौ. म्हणाली, "मेनूकार्ड आलं की सगळे माझ्याकडे बघतात. काय मागवायचं? किती मागवायचं? घरी रोज दोन वेळा तेच ठरवते. तिथं रात्री कुणीतरी ठरवलेलं मला आयतं मिळू दे. मग ते दुधी भोपळा का असेना."

मी ९६६ हा आकडा पुन्हा एकदा नीट बघितला. चार माणसांच्या दोन रात्री. मग त्या मुलाला फोन केला आणि सुधारित अमेरिकन प्लॅन सांगितला. "आणि दशम्या?" असं मी सौ.ला हळूच विचारलं. ती म्हणाली, "त्या करू देत. पहिल्या दिवशी दुपारी वाईच्या घाटावर आपण खाऊ." म्हणजे आणखी हजार रुपये वाचले. बाईमाणसाला गणित येत नाही असं म्हणणाऱ्यांनी आमच्याकडे यावं.

पहिल्या रात्री जेवणघरात गेलो. बुफे होता. आई टेबलाशी बसली आणि मेनूकार्डाची वाट बघू लागली.

"इथं कार्ड नसतं," मी म्हणालो. "आपण उठून वाढून घ्यायचं."

"कितीला?"

"भरलेत."

"कोणी?"

"आपणच. आधीच. आता खा, नाहीतर नको खाऊ, पैसे तेवढेच."

आईनं माझ्याकडे बघितलं. फुकट आहे म्हटलं असतं तर ती मुळीच उठली नसती. फुकटचं तिनं जन्मात खाल्लेलं नाही. पण भरलेलं वाया घालवणं तिच्या तत्त्वात त्याहून बसत नाही. ती उठली. नातवाचा हात धरून एकेक झाकण उघडायला लावत तिनं सगळी रांग बघितली. डाळीत हिंग कमी आहे हे वासावरून सांगितलं. अर्धी रोटी, थोडी भेंडी, दोन चमचे भात, असं घेत घेत ती शेवटच्या टेबलाशी पोचली. तिथं गाजर हलवा होता. तो तिनं वाटीत घेतला. बसून खाल्ला. मग काही न बोलता उठली आणि पुन्हा घेऊन आली. चिरंजीव म्हणाले, "आजी, दुसऱ्यांदा?" तर म्हणाली, "अरे, पैसे भरलेत ना बाबानं!"

सूप तिला आवडलं. टोमॅटोचं. त्यात साखर घातलीये म्हणाली, पण संपवलं. मी समोर बसून तिला जेवताना बघत होतो. एकोणऐंशी वर्षांच्या बाईला हॉटेलात काय आवडतं हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं, कारण तिनं कधी डावीकडचं वाचलंच नव्हतं. सौ. माझ्या शेजारी बसून कुणी तरी ठरवलेला दुधी भोपळा (खरंच दुधी होता) समाधानानं खात होती.

दुसऱ्या दिवशी आर्थर सीटवर वारा खात असताना आईनं विचारलं, "आज रात्रीचंही भरलेलंच आहे ना रे?" भरलेलंच आहे म्हटल्यावर कणीस नको म्हणाली. संध्याकाळसाठी भूक ठेवली होती तिनं.

परत आल्यावर शेजाऱ्यांनी जिन्यातच गाठलं. "काय, झालं का वसूल?" मी आकडे सांगितले. दोन वाट्या हलवा पहिल्या रात्री, दुसऱ्या रात्री एक गुलाबजाम आणि टोमॅटोचं सूप दीड वाटी. बँकेतल्या माणसाला हे येणं कोणत्या खात्यात धरायचं ते कळेना. ते स्वतः मे महिन्यात माथेरानला निघाले आहेत, दोघंच. कोणता प्लॅन घेऊ, म्हणाले. मी विचारलं, हॉटेल बाजारापासून किती लांब, बुफे की ठरलेलं ताट, आणि काकू मेनूकार्ड कुठून वाचतात?

"म्हणजे?"

"उजवीकडून की डावीकडून?"

ते विचारात पडले. छत्तीस वर्षांत आपण कधी बघितलं नाही म्हणाले. बघून सांगतो म्हणाले.